ब्रुसेल्सचं मैलापाणी: नियम, दंड आणि झेने नदी

२१ मे १९९१ रोजी युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) शहरांच्या सांडपाण्यासाठी एक निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधणारा कायदा, मंजूर केला. कोणत्या आकाराच्या वस्तीने कोणत्या तारखेपर्यंत मैलापाणी गोळा करायचं, किती शुद्ध करायचं आणि नदीत सोडताना त्यात काय किती उरलेलं चालेल, हे सगळं त्यात आकड्यांत लिहिलं होतं. त्याचा मसुदा ब्रुसेल्समधल्या कार्यालयांत तयार झाला. त्या दिवशी ब्रुसेल्सला स्वतःचं एकही मैलापाणी शुद्धीकरण केंद्र नव्हतं. जवळपास दहा लाख वस्तीच्या या शहराची घाण होती तशी झेने नदीत जात होती. युरोपीय आयोगाच्या, म्हणजे असे नियम मांडणाऱ्या आणि पाळले जातात का ते पाहणाऱ्या संस्थेच्या, इमारती माल्बेक ओढ्याच्या खोऱ्यात आहेत आणि त्या खोऱ्याचा उतारही झेनेकडेच आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वच्छतागृहांतलं पाणीही त्याच वाटेने जात होतं.

ही विसंगती सांगायला मजेदार वाटते, पण हे प्रकरण त्यासाठी निवडलेलं नाही. युरोपात पाण्याचे नियम मोडले की पुढे काय होतं, कोण कोणाला पत्र लिहितं, दंड कोणाला बसतो, किती वर्षांनी बसतो आणि तोवर नदीचं काय होतं, हे बेल्जियमच्या या खटल्यात जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

नदी

झेने (पॅरिसची सीन वेगळी) साधारण शंभर किलोमीटर लांबीची छोटी नदी आहे. बेल्जियमच्या फ्रेंचभाषक दक्षिणेत, वालोनियात, ती उगम पावते, ब्रुसेल्समधून जाते, मग डचभाषक फ्लँडर्समध्ये मेखेलेनजवळ डैले नदीला मिळते. तिथून रूपेल, मग स्खेल्डे आणि शेवटी उत्तर समुद्र. तीन प्रदेश, दोन भाषा आणि पाणी मात्र एक. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून आली आहे.

एकोणिसाव्या शतकात शहराच्या आत ती उघडं गटार झाली होती. १८६६ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. महापौर ज्यूल आन्स्पाख यांनी १८६७ ते १८७१ या काळात नदीवर कमानी बांधून तिला जमिनीखाली घातलं आणि वर रुंद रस्ते काढले. पुढे विसाव्या शतकात नदीचा प्रवाह शहराच्या कडेने वळवला आणि जुने बोगदे रिकामे झाले, त्यांचा काही भाग १९७६ पासून भुयारी ट्रामला मिळाला. वास गेला, नजरेआड झालं, आणि नागरिकांचा प्रश्नही तिथेच मिटला. उरला तो खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा. व्हिलव्होर्देपासून पुढे नदी पुन्हा उघडी होती आणि शहराने तिच्यात काय ओतलं ते तिथल्या लोकांना रोज दिसत होतं. व्हिलव्होर्दे फ्लँडर्समध्ये आहे, ब्रुसेल्सच्या मतदारयादीत नाही.

नियम आणि मुदत

निर्देशाचं मोजमाप माणसांच्या संख्येवर नाही तर 'लोकसंख्या समतुल्य'वर चालतं. दिवसाला ६० ग्रॅम बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) म्हणजे एक समतुल्य. त्यामुळे दारूभट्टी, कत्तलखाना, दूध प्रक्रिया यांचा भारही शहराच्या हिशेबात धरता येतो. साध्या जैविक प्रक्रियेनंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी लिटरमागे २५ मिलिग्रॅम आणि सीओडी (तीच प्राणवायूची गरज, पण रसायनाने मोजलेली) १२५ मिलिग्रॅम ही मर्यादा. जिथे नदी किंवा समुद्र शेवाळाने गुदमरण्याचा धोका आहे ते 'संवेदनशील क्षेत्र', आणि तिथे नायट्रोजन-फॉस्फरसही काढायचा. एक लाख समतुल्यांच्या वरच्या शहरांना नायट्रोजन लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम.

मुदती तीन होत्या. संवेदनशील क्षेत्रातल्या दहा हजारांवरच्या वस्त्यांसाठी ३१ डिसेंबर १९९८, इतरत्र पंधरा हजारांवरच्या वस्त्यांसाठी ३१ डिसेंबर २०००, आणि उरलेल्या लहान वस्त्यांसाठी ३१ डिसेंबर २००५. बेल्जियमचं पाणी उत्तर समुद्रात जातं, म्हणून बेल्जियम सगळ्यात कडक रांगेत आणि सगळ्यात जवळच्या मुदतीला. ब्रुसेल्ससारख्या शहराला शून्यातून सुरुवात करून साडेसात वर्षं मिळाली.

साडेसात वर्षं कमी होती का? जागा मिळवणं, शहराखालून मोठ्या मुख्य वाहिन्या टाकणं, निविदा, पर्यावरण परवाना हे सगळं धरलं तर कमीच. पण हेही खरं की आधीची शंभर वर्षं कोणी अडवलं नव्हतं.

करायचं कोणी?

बेल्जियमच्या राज्यघटनेत पाणी आणि पर्यावरण हे प्रदेशांचे विषय आहेत. फ्लँडर्स आणि वालोनिया यांना हे अधिकार १९८० नंतर मिळाले. ब्रुसेल्स-राजधानी प्रदेश तर १९८९ मध्येच जन्माला आला, निर्देशाच्या दोन वर्षं आधी. फ्लँडर्सने १९९० मध्ये अक्वाफिन नावाची कंपनी काढून केंद्रांच्या उभारणीचा झपाटा लावला. वालोनियाने अशी संस्था १९९९ मध्ये काढली, म्हणजे पहिली मुदत टळून गेल्यावर. ब्रुसेल्सची स्वतंत्र सांडपाणी संस्था आली ती २००६ मध्ये.

युरोपीय न्यायालयापुढे मात्र प्रदेश कधीच आरोपी नसतात. तिथे उभं राहतं ते बेल्जियमचं राज्य, म्हणजे ज्याच्या हातात ना पाण्याचा अधिकार ना केंद्र बांधण्याचा. न्यायालयाची भूमिका वर्षानुवर्षं ठाम आहे: देशाची अंतर्गत रचना, पैशाची चणचण, प्रशासकीय अडचणी यांतलं काहीही मुदत न पाळण्याची सबब होऊ शकत नाही. कायदा म्हणून हे बरोबर आहे. तसं नसतं तर प्रत्येक देशाने आपली जबाबदारी खालच्या स्तरावर ढकलून हात झटकले असते. पण ज्याला फटका बसतो तो आणि ज्याने काम करायचं तो वेगळा असला की धाक पातळ होतो. इटलीने यावर २०१२ च्या एका कायद्यात तोडगा काढला: युरोपीय दंड राज्याने भरायचा आणि दोषी प्रांत किंवा नगरपालिकेकडून वसूल करायचा.

पहिला निकाल, दुसरा निकाल

प्रक्रिया ठरलेली आहे. आयोग आधी एक प्रकारची कारणे दाखवा नोटीस पाठवतो. उत्तराने समाधान झालं नाही तर 'सकारण अभिप्राय' येतो, त्यात मुदत असते. ती चुकली तर लक्झेंबर्गच्या न्यायालयात दावा. पहिल्या निकालात न्यायालय फक्त 'तुम्ही नियम मोडला' एवढंच सांगतं. दंड नाही. निकाल पाळला नाही तर आयोगाने पुन्हा तीच वाट चालायची आणि दुसऱ्या दाव्यात पैसे मागायचे.

बेल्जियमविरुद्ध पहिला निकाल ६ जुलै २००० रोजी लागला आणि तो फक्त ब्रुसेल्सबद्दल होता. निर्देशाप्रमाणे प्रत्येक देशाने अंमलबजावणीचा कार्यक्रम कळवायचा होता. बेल्जियमने कळवलेल्या कार्यक्रमात ब्रुसेल्सच्या केंद्रांच्या तारखाच मुदतीच्या पलीकडच्या होत्या. म्हणजे 'आम्ही नियम मोडणार आहोत' हे सरकारने स्वतःच लेखी दिलं होतं. न्यायालयाला फार शोधाशोध करावी लागली नाही.

त्याच वर्षी ब्रुसेल्सचं दक्षिण केंद्र सुरू झालं. ३,६०,००० समतुल्यांचं. म्हणजे शहराच्या भाराचा साधारण चौथा हिस्सा. त्यात जैविक प्रक्रिया होती, पण नायट्रोजन-फॉस्फरस काढण्याची पुरेशी सोय नव्हती, ती मागाहून करावी लागली. इतक्या उशिरा बांधलेलं केंद्रही ज्या नियमासाठी बांधलं त्या नियमाला पुरं पडू नये, याला काय म्हणायचं?

दुसरा दावा सगळ्या देशाबद्दल होता. ८ जुलै २००४ च्या निकालात फ्लँडर्समधल्या ११४ वस्त्या, वालोनियातल्या ६० आणि ब्रुसेल्स असा हिशेब होता. बेल्जियम म्हटलं की चॉकलेट, स्वच्छ चौक आणि युरोपच्या शिखर बैठका डोळ्यांपुढे येतात. पण २००४ मध्ये पाण्याच्या बाबतीत हा देश युरोपातल्या मागच्या बाकावर होता. इटलीचीही कथा तशीच. मिलान शहराला पहिलं मोठं केंद्र २००३ मध्ये नोसेदोला मिळालं, तेही २००२ मध्ये न्यायालयाने फटकारल्यानंतर. आमचं पाणी थेट एड्रियाटिकमध्ये जात नाही, वाटेत नद्या आहेत, हा बचाव तिथे टिकला नाही. थेट की वळसा घालून याला महत्त्व नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. खालच्या अंगाला असलेल्यांच्या दृष्टीने मला हा या सगळ्या खटल्यांतला सर्वांत उपयोगी मुद्दा वाटतो.

उत्तर केंद्र

ब्रुसेल्सचं खरं उत्तर म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला, कालव्याच्या काठी उभं राहिलेलं ११ लाख समतुल्यांचं केंद्र. बांधायचं, पैसा उभा करायचा आणि वीस वर्षं चालवायचं असं एकत्र कंत्राट व्हेओलिया या फ्रेंच पाणी कंपनीच्या पुढाकारातल्या अक्विरिस या कंपनीला मिळालं. मार्च २००७ पासून तिथे पाणी येऊ लागलं. मूळ मुदतीनंतर आठ वर्षांनी. त्याच वेळी शहराच्या डाव्या काठची मोठी वाहिनी, वोलुवे आणि माल्बेक खोऱ्यांतली जोडणी ही कामंही झाली. आजूबाजूच्या काही फ्लेमिश गावांचं पाणीही याच केंद्रात येतं.

कागदावर प्रकरण इथे मिटायला हवं होतं. सगळ्यात मोठी वस्ती आता नियमात बसत होती.

८ डिसेंबर २००९ रोजी अक्विरिसने केंद्र बंद केलं. कंपनीचं म्हणणं असं की गटारांतून वाळू, खडी, बांधकामाचा राडारोडा इतका येतोय की यंत्रं धोक्यात आहेत आणि कामगारांचा जीवही. प्रदेश सरकारचं म्हणणं की गटारातून वाळू येणारच, त्याची सोय आराखड्यात करणं हे कंपनीचं काम. वाद कंत्राटाचा आणि पैशाचा होता हे दोन्ही बाजूंच्या सुरावरून कळत होतं. मधल्या दहाएक दिवसांत जवळपास अकरा लाखांच्या भाराचं कच्चं मैलापाणी झेनेत गेलं. खाली फ्लँडर्समध्ये मासे मेले, तिथलं सरकार भडकलं, कोर्टाची भाषा सुरू झाली आणि दबाव वाढल्यावर केंद्र पुन्हा सुरू झालं.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. निर्देश विचारतो की केंद्र आहे का, त्याची क्षमता पुरेशी आहे का, वर्षभराच्या नमुन्यांत आकडे बसतात का. मोठ्या केंद्राने वर्षाला किमान २४ नमुने द्यायचे. त्यांतले तीन नापास झाले तरी चालतात. रोज नमुने घेतले तर २५ नापास चालतात. सामान्य कामकाजात बीओडी-सीओडी मर्यादेच्या दुपटीपुढे जाता कामा नये, अशी अट आहे हे खरं. पण नायट्रोजन-फॉस्फरसचा हिशेब वार्षिक सरासरीवर होतो. हे नियम चुकीचे नाहीत, जिवाणूंवर चालणारं केंद्र थंडीत, पुरात थोडं डगमगणारच. पण नदीतला मासा वार्षिक सरासरी पाहून जगत नाही. दहा दिवस प्राणवायू गेला की उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांची स्वच्छता त्याला परत आणत नाही.

आणि त्या दहा दिवसांत आयोगाच्या हातात काय होतं? पुन्हा नोटीस, पुन्हा उत्तराची मुदत. वर्षांत मोजली जाणारी प्रक्रिया दिवसांत घडणाऱ्या गोष्टीला हातच लावू शकत नाही. केंद्र पुन्हा चालू करायला लावलं ते शेजारच्या सरकारच्या रागाने, वर्तमानपत्रांनी आणि कंत्राटाच्या कलमांनी.

दंड

२००४ चा निकाल पाळला गेला नाही म्हणून आयोग २०११ मध्ये पुन्हा न्यायालयात गेला. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल आला: एक कोटी युरो ठोक दंड आणि पुढच्या प्रत्येक सहामाहीच्या उशिरासाठी ८,५९,४०४ युरो. हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे दिवसाला ४,७२२ युरो गुणिले १८२ दिवस. सांडपाण्याच्या निर्देशावरून एखाद्या देशाला पैशाचा दंड झाल्याची ही पहिली वेळ. सहामाही हप्ता ठेवण्यामागे विचार असा की मधल्या काळात किती काम झालं ते आयोगाला तपासता यावं.

दंडाचं गणित तीन गोष्टींवर चालतं: उल्लंघन किती गंभीर, किती काळ चाललं आणि देशाची ऐपत किती. २००४ ते २०१३ या काळात बेल्जियमने खूप बांधलं होतं. पावणेदोनशे वस्त्यांपैकी निकालाच्या वेळी उरल्या त्या वालोनियातल्या बोटांवर मोजण्याइतक्या. न्यायालयाने झालेल्या गुंतवणुकीची दखल घेतली, पण इतका उशीर अवाजवी ठरवला.

आता हिशेब मांडून पाहू. सगळ्यात मोठी दोषी वस्ती ब्रुसेल्स. तिच्याबद्दलचा पहिला निकाल २००० चा. पण चालू दंडाचं मीटर सुरू झालं तेव्हा ब्रुसेल्स यादीतून बाहेर पडलं होतं. मीटर लागलं ते काही मोजक्या वालोनियन वस्त्यांमुळे. शंभर वर्षं अख्खी नदी नासवणारं शहर ठोक दंडातल्या आपल्या वाट्यावर सुटलं. शिवाय तो दंड वर्षाला साधारण १७ लाख युरो. अकरा लाख समतुल्यांचं केंद्र बांधण्याच्या आणि चालवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे किरकोळ. नुसता नफा-तोटा पाहणाऱ्याने दंड भरत बसणंच पसंत केलं असतं.

तरीही बेल्जियमने तसं केलं नाही, आणि म्हणून 'युरोपचा दंड म्हणजे फुसका बार' हे मत मला पटत नाही. दंडाची रक्कम हे या यंत्रणेचं खरं हत्यार नव्हतंच. २००० आणि २००४ चे निकाल पैशाविनाच होते, आणि बहुतेक बांधकाम त्यांच्या सावलीत झालं. प्रदेशाच्या अर्थखात्यासमोर 'हे करावंच लागेल, तारीख उलटून गेली आहे' असं म्हणायला पर्यावरण खात्याला एक कागद मिळाला. तो कागद नसता तर उत्तर केंद्र आणखी एका निवडणुकीपुढे गेलं असतं अशी माझी समजूत आहे. जिथे स्थानिक राजकारणाची पकड आणखी घट्ट आहे तिथे हा कागदही अपुरा पडतो. इटलीला ३१ मे २०१८ रोजी अडीच कोटी युरो ठोक आणि सहामाहीला तीन कोटी युरो असा दंड झाला, म्हणजे दिवसाला दीड लाखांहून जास्त. तिथे ७४ वस्त्या बाकी होत्या, बऱ्याच सिसिलीतल्या. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या एका निकालावरून इटलीला पुन्हा दंड झाला. त्याच २०१८ मध्ये स्पेनलाही एक कोटी वीस लाख ठोक बसला. रक्कम वाढवली म्हणून सिसिलीत केंद्रं उगवली नाहीत.

बेल्जियमचंही सगळं २०१३ मध्ये संपलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दहा हजारांखालच्या वस्त्यांबाबत न्यायालयाने त्याला पुन्हा दोषी ठरवलं. त्यांची मुदत २००५ ची होती.

पाऊस

झेने आज १९९१ पेक्षा खूपच बरी आहे. मासे परतले आहेत आणि अलीकडच्या वर्षांत शहराने नदीचे काही तुकडे पुन्हा उघडे केले आहेत. पण ब्रुसेल्सची गटारं जुन्या पद्धतीची, मैला आणि पाऊस एकाच वाहिनीत नेणारी. जोराचा पाऊस आला की वाहिनी भरते आणि ठरवून ठेवलेल्या सांडव्यांवरून मिश्र पाणी नदीत आणि कालव्यात उतरतं. फ्लाजे चौकाखाली ३३,००० घनमीटरची टाकी आहे, पावसाचं पाणी काही तास धरून ठेवायला. अशा टाक्यांनी जोर ओसरतो, प्रश्न सुटत नाही.

जुन्या निर्देशात या सांडव्यांबद्दल जेमतेम एक तळटीप होती. २०१२ मध्ये लंडन आणि इंग्लंडमधल्याच व्हिटबर्न गावाच्या प्रकरणात न्यायालयाने ब्रिटनला सांगितलं की कच्चं पाणी सोडणं फक्त असामान्य परिस्थितीतच चालेल, नेहमीच्या पावसात नाही. लंडनने त्यासाठी टेम्सखालून २५ किलोमीटरचा बोगदा काढला, तो पूर्ण जोडला गेला २०२५ मध्ये. तोवर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून पाच वर्षं झाली होती.

१९९१ च्या निर्देशाची जागा आता २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेला नवा निर्देश घेतो आहे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि देशांनी ३१ जुलै २०२७ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. एक हजार समतुल्यांपासूनच्या लहान वस्त्याही आता जाळ्यात येतात. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांचे अंश काढणाऱ्या चौथ्या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च त्या उद्योगांनी द्यायचा आहे, आणि त्यावरून उद्योग न्यायालयात गेले आहेत. नियमभंगामुळे कोणाचं आरोग्य बिघडलं तर भरपाई मागता येईल, अशी तरतूदही आहे. व्हिलव्होर्देच्या रहिवाशाच्या हाती १९९१ ते २००९ या काळात असं काहीच नव्हतं.

सांडव्यांसाठी एक लाखावरच्या शहरांनी २०३३ अखेरपर्यंत आराखडा करायचा आहे. त्याचं उद्दिष्ट असं की कोरड्या हवामानाच्या हिशेबाने वर्षभरात गोळा होणाऱ्या भाराच्या दोन टक्क्यांहून जास्त भार पावसात बाहेर पडू नये. पण हे दोन टक्के मजकुरात 'दिशादर्शक' आहेत, बंधनकारक नाहीत. ब्रुसेल्सने २०३३ नंतर तीन टक्के सोडले तर आराखडा केला का एवढंच आयोग विचारू शकेल. तीन टक्क्यांबद्दल सहामाही दंड लावता येणार नाही.